मॅनेजरचं कार्ड

वडिलांना सगळं कळलं. पण ते कळलंच नाही असं तूर्त धरून चालू. मुलाचा तरी सकाळपासून तोच बेत होता. संग्रहालयाच्या दारात तो एका हातात तिकिटं धरून दुसऱ्या हाताने वडिलांचा खिसा चाचपत होता.

“चष्मा शोधतोयस ना? घरीच राहिला,” वडील म्हणाले. “सापडतच नव्हता मेला.”

“राहू दे बाबा. कासवंच बघायचीत. दिसतील.”

चष्मा मुलानेच पिठाच्या डब्यात पुरला होता. खिशात दुसरा नाही, एवढीच खात्री त्याला हवी होती.

संग्रहालय म्हणजे तीन खोल्या, बावीस पेट्या आणि एक बाई. कुणी पाळलेलं कासव आणून दिलं, की बाई त्याच्याकडून कार्ड लिहून घेत: नाव, खाणं, सोडण्याचं कारण. देणाऱ्याच्या अक्षरातलं ते कार्ड पेटीवर लागे. कारणं दोनच चालत: मालक परदेशी गेला किंवा मालक वारला. कंटाळा चालत नसे.

वडिलांच्या कासवाला घरात मॅनेजर म्हणत, कारण काहीही काम न करता ते सगळ्यांकडे संशयाने बघे. आठ महिन्यांपूर्वी वडील अतिदक्षता विभागात होते. आशा सोडू नका, असं डॉक्टर अशा सुरात म्हणाले, की मुलाने तीही सोडली आणि कासवही. चौदाव्या दिवशी वडील उठून बसले. पहिलं वाक्य बोलले, “मॅनेजर जेवला?”

“त्याला चांगल्या ठिकाणी ठेवलंय, बाबा. तात्पुरतं.”

ते तात्पुरतं आजपर्यंत लांबलं होतं.

तिसऱ्या खोलीत वडील गुडघे धरत खाली बसले आणि काचेवर तळवा टेकवला. मॅनेजरने मान बाहेर काढून त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. वडिलांनी नाक पुसलं.

“निघू या?” मुलगा म्हणाला.

“आत्ता तर आलो!”

“आजोबा, चष्मा नाही वाटतं?” बाई मागून आल्या. बाई माणसांचे चेहरे विसरत, कासवांचे नाही. “मी दाखवते वाचून. नाव, मॅनेजर. खाणं, काकडी, साल काढून. सोडण्याचं कारण, मालक वारले. फार प्रेमळ होते.”

‘फार प्रेमळ होते’ हे मुलाने तेव्हा आपणहून जोडलं होतं. रकान्यात जागा उरली होती.

मुलगा वाकून बुटाची लेस बांधू लागला. ती सुटलेली नव्हती, म्हणून आधी सोडावी लागली.

“तुम्ही ओळखत होतात का त्यांना?” बाईंनी विचारलं. वडिलांचा हात अजून काचेवरच होता.

“थोडंफार.”

“वाईट झालं. नंतर घरचं कुणी फिरकलंसुद्धा नाही.”

“कसे येतील? दुःखात असतील.” वडील काचेकडेच बघत होते. “मुलगा फार करायचा हो त्यांचं. रात्र रात्र उशाशी बसायचा.”

मुलाने दुसऱ्या बुटाचीही लेस सोडली.

“हे कार्ड बदलता येतं का?” त्याने खालूनच विचारलं.

“कशाला? गेलेल्या माणसाचं काय बदलणार?” बाई म्हणाल्या. “काही असेल तर सूचनावहीत लिहा. समितीपुढे ठेवते. समिती म्हणजे मीच, पण माझ्या हातात काही नसतं.”

“लिही, लिही,” वडील म्हणाले. “मी बसतोय इथे. काही घाई नाही.”

मुलगा वहीपाशी गेला. मग शाळेत काढायचा तशा सुवाच्य अक्षरात त्याने लिहिलं:

“मा. समितीस सविनय विनंती, की पेटी क्रमांक एकोणीसच्या मालकांना मागील तारखेपासून हयात समजण्यात यावे, आणि खोटे कारण देणाऱ्या मुलास, मालकांनी माफ करण्यापूर्वी, योग्य ती शिक्षा करण्यात यावी. मालक मूळ प्रतीत सोबत जोडले आहेत. पाहून परत करावेत.”