फेटणी आणि आत्याचे मनगट

मी एक जुनी फेटणी आहे. लाकडी मूठ, आणि तिच्यातून निघून पुन्हा तिच्यातच शिरणाऱ्या पोलादी तारा, एवढाच माझा देह.

मित्रांनो, कारखान्यातून मी थेट एका उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात आले. तिथे सॅलडचे काम आत्याकडे होते. ती तिथेच काम करणाऱ्या एका मुलीची सख्खी आत्या. पण मालकही तिला आत्याच म्हणत. ती वाडग्यात अंड्याचा बलक, मोहरीची पूड आणि व्हिनेगर घेई आणि मला फिरवत वरून तेल सोडी. तेल थेंब थेंब पडले, तर माझ्या तारा त्याचे बारीक बारीक कण करतात. बलक प्रत्येक कणाला वेढतो, म्हणून ते पुन्हा एकमेकांना मिळत नाहीत. मग पातळ तेलातून घट्ट मेयोनीज उभे राहते. थंड क्रीम फेटताना मी त्यात हवा कोंडत असे. काम झाले की आत्या मला पुसून खिळ्याला अडकवी आणि म्हणे, "हिच्यासारखी हीच."

एके दिवशी भाचीने विजेचा बीटर आणला.

"आत्या, मनगट बघ किती सुजलंय. घड्याळाचा पट्टा लागत नाही."

"म्हातारी झालीस, असं सरळ म्हण की."

"तू नाही गं, ती फेटणी झालीय."

माझी रवानगी खणात झाली, बटाटे सोलायच्या सुरीशेजारी. माझा खिळा बीटरच्या वायरला मिळाला. त्याला खास शिवलेली खोळ, पुसायला मऊ फडके! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी त्याला पाण्यात पाहू लागले. तो गुरगुरला की वाटे, आज तरी याच्या हातून जास्त फेटले जाऊन क्रीमचे लोणी होऊ दे. होत नसे. 'हिच्यासारखी हीच' म्हणणारी आत्या आता त्याला "गुणाचा आहे" म्हणे. ते ऐकून माझ्या तारांना गंज चढायचाच बाकी होता.

मग एका सकाळी बीटर जळाला. त्याचा करपट वास खणापर्यंत आला आणि, खोटे कशाला बोलू, मला तो अत्तरासारखा वाटला.

"मी करते," भाची म्हणाली.

"तुला सवय नाही. तू तेल ओत."

आत्याने मला उचलले. किती दिवसांनी तिची ती पकड! मी जीव तोडून फिरू लागले. पण थोड्याच वेळात मला काहीतरी जाणवले. तिचे मनगट मोकळे फिरत नव्हते. प्रत्येक फेऱ्याची कळ माझ्या लाकडात उतरत होती. ती हसतमुखाने उभी होती. तिची कळ फक्त मला कळत होती. हात मध्येच थांबला, तेल साचले, मेयोनीज फुटून तेल वेगळे झाले.

"दुखतंय ना?" भाचीने विचारले.

"दुखतंय गं," आत्या म्हणाली आणि पहिल्यांदाच स्टुलावर बसली. "नवा बलक घे. फुटलेलं त्यात चमचा चमचा घाल. मनगटाने नको, कोपरापासून फिरव."

भाचीचा हात अडाणी होता, पण ठणठणीत होता. मेयोनीज जमले.

बीटर दुरुस्त होऊन आला, तेव्हा खिळा मी माझ्या मनाने त्याला देऊन टाकला. त्याची गुरगुर मला अजूनही आवडत नाही. पण ती चालू असते, तेव्हा आत्याचा हात मांडीवर निवांत असतो. मित्रांनो, वस्तू पुसून ठेवा, गंजू देऊ नका. पण त्याआधी, ती धरणारा हात दुखतो का, एवढे विचारा. तो हात स्वतः होऊन सांगत नाही.