दहावं नाव

बीट खोदायच्या दिवसांत शाळेत चिखल येणारच, त्याबद्दल लोर्नाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती कोऱ्या सोडलेल्या रकान्यांबद्दल. मार्लो क्रीकच्या मिडल स्कूलमध्ये एकतीस वर्षं कारकुनी केल्यावर तिचं ठाम मत झालं होतं, की मोंटानातला माणूस झोपेतून उठवला तरी आपल्या ट्रकचा नंबर सांगेल, पण फॉर्म काही पुरता भरणार नाही.

आज मोजणीचा दिवस. पोरं किती, कुठल्या वंशाची, फुकट जेवण किती जणांना, सगळं तीन वाजेपर्यंत राज्याकडे जायला हवं होतं. सहावी ते आठवी मिळून पोरं त्रेपन्न. बावन्न फॉर्म पुरे होते. त्रेपन्नावा अरासेली ट्वेटचा, आणि त्यात वंशाचा रकाना कोरा.

मुख्याध्यापक डेल स्ट्राउड सकाळपासून चौथ्यांदा तिच्या टेबलाशी आला. तो याच शाळेत शिकलेला. उशिरा येण्याबद्दलच्या चिठ्ठ्या त्याला लोर्नानेच फाडून दिल्या होत्या.

“मेक्सिकन घरातली किती झाली?”

“नऊ.”

“ट्वेटची पोरगी धरून?”

“सोडून.”

डेल खुर्ची ओढून बसला. राज्याचा नियम असा, की एखाद्या गटात दहापेक्षा कमी पोरं असली तर अहवालात त्यांच्या गुणांच्या जागी नुसती चांदणी छापतात आणि ते गुण वेगळे धरत नाहीत. दहा भरली की आकडा छापून येतो आणि शाळेच्या शेऱ्यात धरला जातो. त्या नऊ जणांचे वाचनाचे गुण किती वाईट होते, हे दोघांनाही तोंडपाठ होतं. शाळेवर आधीच दोनदा नापासाचा शेरा बसला होता; गेल्या वर्षी चांदणीमुळेच ती थोडक्यात वाचली. तिसरा बसला की बोर्ड शाळेला कुलूप लावणार आणि पोरांना अडतीस मैलांवर जिल्ह्याच्या गावी धाडणार, हे ठरल्यातच जमा होतं. जानेवारीत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, पहाटे सहाची बस.

“पालकांनी नाही भरलं तर आपण पोराकडे बघून भरायचं, नियमच आहे,” डेल म्हणाला. “बाप गोरा, आडनाव ट्वेट. केस मक्याच्या कणसासारखे. तुला डोळे आहेत, लोर्ना.”

“चष्मासुद्धा आहे,” लोर्ना म्हणाली.

नियमाचा उरलेला अर्धा भाग दोघांपैकी कुणीच बोललं नाही. आईकडून का होईना, मूळ मेक्सिकन असलं तर पोर त्याच रकान्यात धरायचं.

तो गेल्यावर तिने अरासेलीच्या आईला फोन लावला. ओदिलिया बीटच्या वजनकाट्यावर होती, मागे ट्रकांचा गोंगाट चाललेला.

“मुद्दामच कोरा सोडलाय, बाई! कुठेही खूण केली तरी एक आजी माझ्याशी बोलणं टाकते. तुम्ही तिला रोज बघता ना? मग तुम्हीच भरा.” आणि फोन ठेवलासुद्धा.

जेवणाच्या सुट्टीत लोर्नाने पोरीला बोलावून घेतलं. खरं सांगायचं तर तिचं मन झालंच होतं. तिच्या बापाने या शाळेच्या जिमची जमीन फळी फळी करून ठोकली होती, तिच्या दोन्ही मुली इथेच शिकल्या होत्या. एका खुणेसाठी हे सगळं घालवायचं? पोरगी आली, बघितली, केस पिवळे दिसले, म्हणून ‘गोरी’ लिहून मोकळं व्हायचं होतं तिला.

अरासेली आली आणि टेबलावरचा गेल्या वर्षीचा अहवाल उलटा वाचू लागली.

“बाई, ही चांदणी कसली? बक्षीस मिळालंय?”

“नाही गं. तिथे पोरं थोडी आहेत, म्हणून आकडा देत नाहीत.”

“कुठली पोरं?”

लोर्ना अडखळली. “बेलेन वगैरे. ती सगळी.”

बेलेन म्हणजे अरासेलीची मावसबहीण, यंदा आठवीला.

“म्हणजे बेलेनला वाचता येत नाही, हे तिकडे कुणाला माहीतच नाही?”

“आपल्याला माहीत आहे ना.”

“आपल्याला तर ती सहावीत होती तेव्हापासून माहीत आहे,” अरासेली म्हणाली. “मी बसमध्ये तिला धडा वाचून दाखवते. ती पाठ करते. पाठांतर जबरदस्त आहे हां तिचं!”

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच लोर्नाला ते लागलं. गेल्या वर्षी चांदणी छापून आली, तेव्हा तिने आनंदाने ऑफिसभर दालचिनीचे रोल वाटले होते. बेलेनलाही एक दिला होता. आता आठवून तिला स्वतःची लाज वाटली.

“तू स्वतःला काय समजतेस गं?” तिने विचारलं.

“म्हणजे?”

“ट्वेटांची की आईकडची?”

“दोन्ही,” पोरगी म्हणाली. हे काय विचारणं झालं, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. “जाऊ मी? बेलेन डबा घेऊन थांबलीये.”

“जा.”

लोर्नाने चष्मा पुसला आणि खूण केली.

पावणेतीनला डेल सही करायला आला. त्याने कागद वाचला, दहाच्या आकड्यावर थांबला आणि हळूच खाली बसला.

“नीट बघितलंस?”

“चष्मा लावून.”

“शाळा जाईल, लोर्ना.”

“जाईल कदाचित. मग पहाटे सहाला त्या बसपाशी पोरांना चढवायला मी उभी राहीन. पण ही पोरं मी पुन्हा नाही झाकणार, डेल.”

तो कागद परत करेल, असं तिला वाटलं. तसा हक्क होता त्याला. भिंतीवरच्या घड्याळात त्याने दोनदा पाहिलं. मग पेन उचलून सही केली आणि डोकं दोन्ही हातांत धरलं.

“मग आता काही इलाजच राहिला नाही,” तो म्हणाला. “आता या पोरांना शिकवावं लागणार.”

लोर्नाने बेलेनचं वेळापत्रक आधीच काढून ठेवलं होतं. तिने ते त्याच्यापुढे सरकवलं.

“तिचा शेवटचा तास रिकामा आहे,” ती म्हणाली. “तुझाही.”