औषध नसलेले औषधांचे कपाट

मित्रांनो, मोरगावजवळच्या एका वाडीत, सरकारी दवाखान्याच्या कोपऱ्यात मी उभे आहे. मी एक जुने लोखंडी कपाट. बारामतीत माझे पत्रे जोडले, हिरवा रंग दिला आणि दारावर ‘औषधे’ असे ठळक लिहिले. तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! पहिली काही वर्षे मी गच्च भरलेले असे.

मग १९९० सालानंतर क्षयाच्या औषधांचा पुरवठा थांबला. माझ्यात झुरळे फिरू लागली. नेमकी तेव्हाच मेंढ्या राखणाऱ्या म्हस्कूची बायको सारजा क्षयाने आजारी पडली.

“म्हस्कूराव, इथलं औषध संपलंय. दुकानातून आणा, पण खंड पडू देऊ नका,” नर्सबाई म्हणाल्या.

दुकानात ते फार महाग होते. बाजारात मेंढी विकावी, तेव्हा कुठे लाल कॅप्सूल हाती यायच्या. म्हस्कूने एकेक करून मेंढ्या विकल्या. तरी सारजा खंगतच गेली. उन्हाळ्यात त्याने तिला उचलूनच आणले.

“औषध रोज देता ना?” नर्सबाईंनी विचारले.

“देतो की. समद्या घराला देतो.”

“सगळ्या घराला?”

“कळपात एक मेंढी खोकली की आमी समद्यांना औषध पाजतो. न्हायतर रोग पसरतो.”

“मीच म्हनलं, वाटून द्या,” सारजा धापा टाकत म्हणाली. “माझ्यापायी पोरांना लागाय नगं.”

एकटीचे औषध साऱ्या घराने खाल्ले होते. मला म्हस्कूचा राग आला नाही. त्याला कळपाचे ठाऊक होते, या रोगाचे कोणी सांगितलेच नव्हते. पैसे मोजून घेणाऱ्या दुकानदारानेही नाही. माझा संताप झाला तो माझ्या रिकाम्या फळ्यांवर. औषध इथे असते, तर नर्सबाईंनी ते रोज समोर उभे राहून सारजालाच गिळायला लावले असते.

पोळ्याच्या आधी सारजा गेली. दिवाळीनंतर औषधांची खोकी आली आणि मी पुन्हा भरले. म्हस्कू धाकट्या मुलीला, नकोशीला, कडेवर घेऊन आला. तिलाही तोच रोग जडला होता.

“बाई, ही एकटीच खाईल. आता वाटनार न्हाय,” तो म्हणाला.

नर्सबाईंनी तिच्या हातावर औषध ठेवले. पोरीने ते मुठीत धरले आणि विचारले, “यातलं आयला ठिवू का?”

मित्रांनो, मला दरवर्षी नवा रंग देतात. तो नको. औषध वेळेवर आणा, आणि देताना माणसाजवळ बसून चार शब्द बोला.