महिपतच्या तीन तबकड्या

"ही घेऊ नका," हरिहरपंत म्हणाले. "माल सदोष आहे."

गिऱ्हाइकाला असं सांगणारा दुकानदार त्या काळीही ठाण्यात दुर्मीळच होता. पण नौपाड्यातले ग्रामोफोनवाले हरिहरपंत इंग्रजी संगीताच्या बाबतीत फार प्रामाणिक होते, कारण ते त्यांना मुळीच आवडत नसे. त्यांनी कपाटातून तीन तबकड्यांचा तो जाड पुठ्ठ्याचा संच काढला, वरची तबकडी लावली आणि समोरच्या माणसाला बोटानं खूण केली, की ऐका.

"हा पियानो. हे मोठं व्हायोलिन घुमतंय ना, ते. जाझ म्हणतात याला. आणि आता ढोल बघा हं. पडला ठोका? पडला. आणि गेला माणूस! पाणी प्यायला गेला असेल. दोन गिऱ्हाइकांनी परत आणून दिली हो."

"आला की परत," तो माणूस हळूच म्हणाला.

"येतो हो. पण गिऱ्हाईक त्याची वाट कशाला बघेल?"

तो माणूस म्हणजे महिपत. पाणी प्यायला गेलेला ढोलवालाही तोच. पण हे त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हरिहरपंतांनी विश्वास ठेवला नसता. ठेवला असता तर दोघांचीही पंचाईत झाली असती. त्यानं तो संच घेतला, काखेत मारला आणि कल्याणची गाडी पकडायला निघाला. हरिहरपंत त्याच्या पाठीकडे बघत राहिले. सदोष माल मागून नेणारं गिऱ्हाईक त्यांनी सत्तावन्न सालापर्यंत पाहिलं नव्हतं.

कल्याणच्या यार्डात महिपत सतरा वर्षं चाकं तपासत होता. गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्याडब्यानं चालायचं, प्रत्येक चाकावर एक ठोका मारायचा आणि थांबायचं. धड चाक घंटेसारखं गातं. तडा गेलेलं पोकळ बोलतं. ठोका कोणीही मारील. रेल्वे पगार देते तो ऐकण्याचा. दिवसाकाठी शेकडो चाकांशी त्याचं बोलणं व्हायचं, आणि माणसांशी दहा-बारा वाक्यं; त्यांतही निम्मी 'हो साहेब' एवढीच. बायको शेवंती विषमज्वरानं गेली त्याला सहा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. चाळीतल्या खोलीवर परत आल्यावर उरलेली वाक्यं स्टोव्हशी व्हायची.

रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये शनिवारी साहेब लोकांचा नाच असे. तिथला ढोलवाला बायकापोरांसकट ऑस्ट्रेलियाला निघून गेला आणि ढोल कोपऱ्यात पडून राहिले. महिपतला तिथं बाकं हलवायला पाठवलं होतं. बाक ठेवून जाता जाता त्यानं एका ढोलावर बोटानं ठोका मारला, आणि सवयीनं थांबला. पियानोवर पास्कल बसला होता. हा पार्सल ऑफिसातला कारकून, ठाण्याचा ख्रिस्ती, घरात मराठी बोलणारा आणि मनात पियानो वाजवणारा. त्या थांबण्यात त्यानं दोन सूर टाकले. महिपतनं दुसरा ठोका मारला. बाकं तशीच राहिली.

मग गार्ड लोबो आपलं पुरुषभर उंचीचं, व्हायोलिनसारखं वाद्य घेऊन त्यांच्यात आला आणि तिघांचं जमलं. नाचणाऱ्यांचं मात्र जमेना. ठोक्यावर पाय टाकायचा म्हणून उचललेले पाय हवेतच राहायचे. इन्स्टिट्यूटच्या सेक्रेटरीनं एकदा तक्रारही केली, की हा मनुष्य आमच्या बायकांना पाडणार आहे. पास्कलनं ऐकून घेतलं आणि नाचाआधी तासभर नुसतं बसून ऐकण्याचा कार्यक्रम सुरू केला.

"बाकीचे मारतात आणि पुढं पळतात रे," तो महिपतला म्हणायचा. "तू मारतोस, आणि कसं वाजलं ते ऐकतोस. मला ते तुझं ऐकणं पायजे."

मुंबईत तबकड्या भरताना कंपनीच्या माणसानं मोकळ्या जागा भरून काढायला सांगितल्या, तेव्हा पास्कलनं पियानोचं झाकण लावलं आणि टोपी घातली. जागा मोकळ्याच राहिल्या. पुढं एका इंग्रजी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. पास्कलनं त्या वाचून दाखवल्या. त्यांत ढोलाला 'विचित्र' म्हटलं होतं. ही स्तुती की शिवी, असं महिपतनं विचारलं. त्यांना पण ठाऊक नसेल, असं पास्कल म्हणाला.

कंपनीनं तिघांत मिळून एकच संच दिला होता, आणि तो पास्कलच्या आईनं ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं होतं. म्हणून महिपतला ठाण्याला जावं लागलं. स्वतःसाठी तो गेला नसता. स्वतःचं वाजवणं त्याला पाठ होतं. त्याला ते एकाच माणसाला ऐकवायचं होतं, आणि तो माणूस चार महिने त्याच्याशी बोलत नव्हता.

तो म्हणजे थोरला भाऊ, धोंडीबा. कोळसेवाडीत राहायचा, लोको शेडमध्ये फिटर होता. बाप लवकर गेला, महिपतला वाढवलं ते त्यानंच. त्यांचं गाव साताऱ्याकडचं. घरात हलगी होती. कला म्हणून नव्हे, गावकीचं काम म्हणून. जत्रा असो, वरात असो, कुणी मेलेलं असो, बोलावणं नाही, हुकूम यायचा. मांडवाच्या बाहेर उभं राहून वाजवायचं, ऊन असो की पाऊस, आणि शेवटी लांबून टाकलेली भाकरी उचलायची. धोंडीबासारखा हात पाच गावांत नव्हता, असं लोक सांगत. लांबून सांगत.

मग त्या मुलखात सभा होऊ लागल्या. धोंडीबा एका सभेला जाऊन आला. त्यानं भिंतीवरची हलगी काढली, विळ्यानं तिचं कातडं फाडलं आणि कडं चुलीत घातलं. या घरातला हात पुन्हा कातड्याला लागणार नाही, असं त्यानं आईला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी बारा वर्षांच्या महिपतला घेऊन रेल्वेची वाट धरली. आता त्याच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर होती, रोजचं वर्तमानपत्र होतं आणि कोणी मोठ्यानं ताट आपटलेलंही त्याला चालत नसे.

तीन वर्षं महिपत दर शनिवारी दादाला जादा ड्यूटी सांगत होता. तबकड्या निघाल्या तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. एका रविवारी दादाकडे जेवताना त्यानं सांगून टाकलं. दादा रागावेल, पण मग विचारील तरी, असा त्याचा हिशेब होता. धोंडीबानं काहीच विचारलं नाही. अर्धं ताट तसंच ठेवून तो हात धुवायला उठला, आणि परत आला तो पाठ करून बसला.

वहिनी हौसाबाई अधूनमधून कालवण पाठवायची. त्यावरून घर अजून आपलं आहे एवढं महिपतला कळायचं. शेवटी तिनंच नवऱ्याला गाठलं. आधी ऐकून या आणि मग शिव्या द्या, न ऐकता दिलेल्या शिव्या फुकट जातात, असं ती म्हणाली. धोंडीबाला काहीही फुकट गेलेलं सहन होत नसे. तो रविवारी दुपारी येतो म्हणाला.

आता प्रश्न ग्रामोफोनचा. चाळीत तो एकाकडेच होता, बुकिंग क्लार्क मधुकररावांकडे. सगळी चाळ त्यांना मधु म्हणे, पण ग्रामोफोन मागताना मधुकरराव म्हणे. यंत्राला दुसऱ्याचा हात लावू द्यायचा नाही, हा त्यांचा नियम; तेव्हा यंत्राबरोबर ते आले.

धोंडीबा आला तो कोट घालून, सभेला जावं तसा. खुर्चीवर बसला. महिपतनं चहा ठेवला, त्याकडे त्यानं बघितलं नाही. मधुकररावांनी चावी दिली, सुई ठेवली.

पियानो आला, मागून ते खालचं घुमणं आलं, आणि मग महिपतचा पहिला ठोका पडला. पडला आणि थांबला. मधुकरराव चटकन उठले आणि त्यांनी तीन वेळा चावी पिळली. पुढच्या मोकळ्या जागेला पुन्हा तेच. तिसरीला त्यांनी चावीबरोबर पेटीच्या बाजूला थापही मारली, त्यासरशी सुई उडाली आणि पियानो दोन सूर गिळून पुढं गेला. महिपत भिंतीला टेकून उभा होता. सांगावं तर यंत्र मागून आणणाऱ्यानं यंत्राच्या मालकाला शिकवल्यासारखं झालं असतं. चौथी जागा आली तसे मधुकरराव पुन्हा हात पुढं करून उठले.

"हात काढा, मधुकरराव," धोंडीबा म्हणाला.

"अहो, पण स्प्रिंग दमतेय. सारखं थांबतंय ते."

"यंत्र न्हाई थांबलं. त्यो थांबलाय."

मधुकरराव खाली बसले. बाजू संपली की ते तबकडी उलटत, सुई बदलत आणि हात मांडीखाली धरून बसत. महिपत दादाच्या बोटांकडे बघत होता. ती हलतील असं त्याला उगाच वाटत होतं. बोटं मिटलेली होती, गुडघ्यावर मूठ होती आणि ती शेवटपर्यंत मूठच राहिली. पण ठोका कुठं पडणार आणि कुठं पडणार नाही, हे त्या मुठीला आधी कळत होतं. पडायच्या क्षणी ती आवळायची आणि मोकळ्या जागेत सैल व्हायची. हरिहरपंतांपासून वर्तमानपत्रवाल्यापर्यंत कोणाला न कळलेली गोष्ट पहिल्याच ऐकण्यात कळलेला माणूस समोर बसला होता, आणि त्याच्या कपाळावर घाम होता.

सहावी बाजू संपली. मधुकररावांना सासुरवाडीला जायचं होतं. यंत्र उचलून ते गेले. दार लोटल्यावर धोंडीबानं विचारलं,

"हुकूम आला व्हता का बोलावणं?"

"बोलावणं, दादा. पास्कल दोनदा घरी आला माझ्या."

"उभ्यानं वाजवतुयास?"

"बसून. त्यांच्यात बसूनच वाजवतात."

"कुठं?"

"आतच. पियानोला लागून."

महिपतनं पुठ्ठ्याचं कव्हर उघडलं. आतल्या बाजूला तिघांचा फोटो छापलेला होता. धोंडीबानं चष्मा लावला, फोटो खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ पाहिला. त्यात पास्कल बसलेला होता. महिपतही बसलेला होता, धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यात, स्टुलावर. लोबो मागं उभा.

"ह्यो साहेब उभा कसा?"

"त्याचं वाद्य उभ्यानंच वाजवावं लागतं."

धोंडीबाच्या मिशीखाली काहीतरी हललं. "साहेब उभा आन तू बसलेला," तो म्हणाला, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा हसल्यासारखा झाला. मग त्यानं चष्मा काढला.

"थांबायला कुठं शिकलास? मी न्हाई शिकिवलं तुला."

"चाकांवर," महिपत म्हणाला. "ठोका मारला की ऐकायला लागतं."

"आमाला थांबायची मुभा न्हवती," धोंडीबा म्हणाला. "वरातीतली मानसं दमली की बसायची. घोडं दमलं की थांबायचं. हलगी थांबली तर मागनं काठी यायची. ऐकायचं कवा?"

दादानं आता एकदा बरं म्हणावं एवढंच महिपतला हवं होतं, आणि ते तोंडावर दिसत असावं, कारण धोंडीबानं त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"चांगलं हाय," तो म्हणाला. "खोटं न्हाई बोलत. हात चांगला हाय तुझा, माझ्याहून चांगला. पन महिपा, ही तबकडी माझ्याम्होरं पुन्यांदा लावू नगंस. तू ठोका मारून थांबतुस, आन त्या मोकळ्या जागंत मला माझी हलगी ऐकू येती."

बाहेर नळावर कुणाची तरी बादली भरून वाहत होती. पाणी वाया चाललंय म्हणून कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होतं.

"जेवून जा, दादा."

"तिनं केलंय घरी. येत्या ऐतवारी तूच ये. पहिल्यासारखा येत जा." तो उठला आणि कोटाची बटणं लावू लागला. शेवटचं बटण लावताना म्हणाला, "त्या वाजवण्याचा इषय काढू नगंस फक्त घरात. आन ह्यो पुठ्ठा मला दे."

"तबकड्या?"

"त्या तुझ्या. मला फोटू पायजे."

महिपतनं तीनही तबकड्या एकेक करून बाहेर काढल्या. रिकामं कव्हर फार हलकं झालं. धोंडीबानं ते काखेत धरलं, आणि जिन्याच्या तोंडाशी तो कठडा धरायला थांबला तेव्हा ते या काखेतून त्या काखेत घेतलं, दुमडू नये म्हणून.

तो दिसेनासा झाल्यावर महिपत आत आला. नुसत्या तबकड्या एकमेकींवर ठेवल्या तर घासतात, रेघा पडतात. त्यानं जुनं धोतर काढलं, फरशीवर पसरलं, पहिली तबकडी ठेवून तिच्यावर एक घडी घातली, दुसरी ठेवून दुसरी घडी घातली. तिसरी ठेवून झाल्यावरही धोतर बरंच उरलं होतं. ते त्यानं वरून दोन वेढे देऊन गुंडाळलं.