चिखलावरची पांढरी साय

मित्रांनो, मी एक जुना जीवाणू आहे. जुनं आमचं घराणं; माझं वय मात्र विचारू नका. आमच्यात एकाचे दोन होतात, तेव्हा थोरला कोण हेच ठरत नाही. अमेरिकेतल्या शुगर लँड शहरात चारुदत्त आणि दीपा यांच्या घरामागे छोटं तळं आहे. त्याच्या तळाशी चिखलात मी राहतो. एकटा मी कोणाला दिसत नाही, पण आम्ही लाखोजण जमलो की चिखलावर पांढरी साय धरते.

चिखलात प्राणवायू नसतो. तिथले माझे शेजारी जीवाणू त्याऐवजी सल्फेटवर, म्हणजे गंधकाच्या क्षारावर, श्वास घेतात आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सोडतात. माशांना ते विष, मला ते जेवण. ते पचवायला मी लॉनच्या खतातून वाहून आलेलं नायट्रेट वापरतो. त्याचा नायट्रोजन वायू होऊन हवेत परत जातो. गंधकाचं आणि नायट्रोजनचं चक्र असं माझ्या पोटात एकत्र येतं. याबद्दल आजवर कोणी शाबासकी दिलेली नाही.

गेल्या वर्षी चारुदत्तने प्लास्टरची चकचकीत गणेशमूर्ती आणली आणि निर्माल्यासकट तळ्यात विसर्जन केलं. प्लास्टर म्हणजे सल्फेटच. वर कुजायला फुलं. शेजाऱ्यांची चंगळ झाली. आम्हीही भराभर वाढलो, तरी पुरे पडेना. वास परसभर पसरला.

चारुदत्त तेल कंपनीत इंजिनिअर. "दीपा, हा स्मेल मी ओळखतो. आमच्या प्लांटवर याचाच अलार्म वाजतो," तो म्हणाला. "ही व्हाइट बुरशीच कल्प्रिट आहे." त्याने फावड्याने आमचा अर्धा थर खरवडून काढला. मला फार राग आला, पण जीवाणूचा राग कोणाला कळणार?

सकाळी त्यांची मुलगी रुही काठावरून म्हणाली, "बाबा, केसर इज नॉट मूव्हिंग." केसर हा तिचा लाडका नारिंगी मासा. बाकीचे मासे धापा टाकत एका कोपऱ्यात गोळा झाले होते.

"अरे, बघ ना," दीपा म्हणाली, "तू जिथे खरवडलं नाहीस, तिथेच सगळे जमलेत. आणि वास तर विसर्जनानंतरच सुरू झाला."

मग हात जोडून चारुदत्तने मूर्तीचे तुकडे आणि निर्माल्य बाहेर काढलं. बाकीचे मासे वाचले. केसरचं मला अजून वाईट वाटतं.

यंदा शाडूची मूर्ती आली आणि बादलीत विसर्जन झालं. तळ्याला वास नाही. त्यामुळे आमचं खाणंही कमी, आणि आम्ही थोडेच उरलो आहोत. मित्रांनो, आम्ही दिसेनासे झालो तर समजा, सगळं ठीक आहे. दिसलो, तर आम्हाला खरवडण्याआधी तळ्यात आपण काय टाकलंय ते बघा.