बसमध्ये मिळालेली जागा

तिसरी काडीही मोडली, तेव्हा रुचिकानं काड्यापेटी फळीवर आपटली आणि चौथी ओढली. दिवा लागला एकदाचा. मागे खाटेवर बसलेल्या ललिताबाईंनी लगेच हात जोडले. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून सासूसुना दुपारीच भंडाऱ्याहून आंबागडला परतल्या होत्या. डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला बजावलं होतं, म्हणून आज सून देवापाशी आणि सासू काळा चष्मा लावून खाटेवर.

"देवा," ललिताबाईंनी सुरुवात केली.

रुचिका तशीच ओट्याकडे वळली आणि पोळपाटाला लागली. हे रोजचंच होतं. दिवसभरात जे जे पदरात पडलं, ते सासू तिन्हीसांजेला देवाला मोठ्यानं सांगायची. म्हशीनं पान्हा चोरला नाही, लाइन गेली नाही, भाताच्या बांधीत पाणी टिकलं, मुलगा भुपेंद्र मिलमधून धड घरी आला, नात तृप्तीचा ताप उतरला. सात वर्षं रुचिका हे पोळ्या लाटता लाटता ऐकत आली होती. त्यात म्हैस होती, पाण्याची मोटार होती, एकदा तर शेजारच्या मंगलाबाईंनी दिलेली वाटीभर चटणीही होती. सून तेवढी नव्हती. तापात तृप्तीच्या उशाशी कोण जागलं, हे देवाला बहुधा आधीच ठाऊक असावं.

"डाक्टर चांगला भेटला. काही दुखलं नाही. अन् येतानी बसमधी जागा भेटली, देवा. तुहीच किरपा."

रुचिकाचं लाटणं थांबलं. त्या जागेसाठी ती कॉलेजातल्या एका टग्याशी साऱ्या बसदेखत भांडली होती. मग तुमसर येईपर्यंत एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातानं सासूचा खांदा धरून उभी राहिली होती. पाय अजून ठणकत होते.

"आई, ते जागा देवानं देल्ली काय?"

ललिताबाईंनी मान तिच्याकडे वळवली.

"त्या पोराले उठवलं कोनं? दोन रात्री दवाखान्यात फरशीवर झोपली मी. सात वर्सं झाले, म्हशीचं नाव घेता तुमी. माहं काहून नाही घेत?"

बोलून गेली आणि तिचं तिलाच कसंसं झालं. असं ती सासूला कधी बोलली नव्हती. पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

चष्म्यामुळे ललिताबाईंना राग आला की नाही, तेही कळेना.

"मंग आज तूच म्हन," त्या शेवटी म्हणाल्या.

"म्हनते ना!"

हात पुसत ती फणकाऱ्यानं देवापुढे जाऊन बसली. आभार कसे मानतात, ते आज दाखवूनच द्यायचं होतं तिला. तिनं तृप्तीचं नाव घेतलं, भुपेंद्रचं घेतलं. माहेरच्या आईबापांचं घेतलं, भावाचं घेतलं. दोन दिवस तृप्तीला सांभाळणाऱ्या मंगलाबाईंचं घेतलं. एकालाही वगळलं नाही. मग घाईघाईनं डोकं टेकवलं.

"झालं," ती उठत म्हणाली आणि मागे वळली.

ललिताबाईंचे हात अजून जोडलेलेच होते. मान थोडी पुढे झुकलेली, कान दिव्याकडे.

"झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

रुचिका जागीच थबकली. सासूचं सांगणं संपलं तरी तीही रोज अशीच क्षणभर लाटणं धरून थांबायची, न जाणो अजून काही येईल म्हणून. तृप्तीच्या वेळच्या बाळंतपणात सव्वा महिना सासूनंच तिच्या हातात आयतं ताट दिलं होतं. आणि देवाला ते सांगावं, असं आजवर एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं.

ती पुन्हा दिव्यापाशी बसली.

"एक राह्यलं, देवा. आमच्या ह्या आई..."

पुढे जीभच रेटेना. म्हशीचं सांगणं सोपं होतं. तिनं पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

"राहू दे," खाटेवरून ललिताबाई म्हणाल्या. "मलेबी नाही जमत."