नाण्यापासून दोन बोटांवर

मी एक जुनी लेन्स बोलते आहे. आवाज कापरा वाटला, तर सांभाळून घ्या. उद्या ताईंच्या नोकरीचा निकाल आहे आणि साक्षीदार मीच.

माझी घडण झाली दूरचे पाहण्यासाठी. पहिल्या मालकाने माझ्यातून लग्नांतले रुसवेफुगवे टिपले, मग नव्या लेन्स आल्या आणि मी अडगळीत पडले. तिथून मला संग्रहालयाच्या छायाचित्रकार ताईंनी उचलले आणि एक कडी लावून कॅमेऱ्यावर चक्क उलटे बसवले. तेव्हापासून नाण्यावरचा मोहरीएवढा ठिपका मला डोंगराएवढा दिसतो.

पण उलटे बसणे म्हणजे पाठ उघडी पडणे. माझ्या पाठीवर प्रकाश कमीजास्त करणारी एक पोलादी पट्टी आहे. सरळ असताना ती कॅमेऱ्याच्या पोटात दडते. आता ती नाण्यावर रोखलेली असते, जेमतेम दोन बोटांवरून. शिवाय माझे कडे फिरवून भागत नाही. नाणे स्पष्ट दिसायला अख्खा कॅमेराच खालीवर सरकवावा लागतो. दर वेळी माझा जीव टांगणीला.

परवा चांदीचे एक नाणे आले. त्या छापाचे दुसरे कुणाला ठाऊक नाही. नाणे लख्ख दिसावे म्हणून ताई माझ्या पट्टीत कागदाची घडी खोचतात. फोटोआधी स्टँडचा स्क्रू आवळतात आणि मगच प्रकाश हवा तेवढा कमी करायला घडी काढतात. त्या दिवशी स्क्रू सैल असतानाच त्यांनी घडी ओढली. कॅमेरा घसरला. त्यांनी तो झेलला खरा. पण नाण्यावरच्या राजाचा गाल माझ्या पट्टीला लागला होता.

"लागलं का गं?" नोंदणीचे काम पाहणारे दादा धावत आले.

"दिसत तर नाही काही."

ताईंनी काढलेला फोटो पडद्यावर आला. गालावर केसाहून बारीक रेघ. जुने ओरखडे काळवंडतात. ही लखलखत होती.

"पुसून टाक तो फोटो," दादा कुजबुजले. "ही तुझी उलटी लेन्स सोडली, तर कुणाच्या बापाला दिसणार आहे?"

"मला दिसलंय ना, दादा."

"अगं, घरी बसवतील तुला!"

तरीही ताईंनी संग्रह सांभाळणाऱ्या अभिरक्षक बाईंना फोन लावला.

आता मी पाकिटात सीलबंद आहे. उद्या चौकशीला बसणारे सारे माझ्यातूनच ती रेघ पाहतील. खोटे दाखवणे मला येत नाही आणि आज त्याचीच भीती वाटते. तुमच्यापैकी कुणी त्या टेबलाशी बसणार असेल, तर एवढी विनवणी ऐका: रेघेची लांबी लिहाल, तेव्हा ती कुणी दाखवून दिली, तेही लिहा.